तळ चोपण्याचे दिवस

"उतरतंस का गो सगुणे, का बांधावर बसून आमची शोभा बगतंस?"

सीताबाईनं वाफ्यातून हाक टाकली आणि ओळीतल्या बाया खिदळल्या. मिठागराचा रिकामा वाफा. सहासात बाया पदर खोचून, एकमेकींना खेटून उभ्या, आणि सगळ्यांचे पाय एका ठेक्यात चिखलात पडत होते. खाडीचं पाणी आत घ्यायच्या आधी तळ असा चोपून चोपून घट्ट करायचा. कच्चा राहिला तर मीठ चिखल घेऊनच वर येतं. पावसाळ्यात सगळं वाहून जातं, म्हणून दर वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

"कालेजात गेलेले पाय हायत ते," सीताबाई पुढे म्हणाली. "चिखलाला लाजतात."

सगुणा हसली. मांडीवरच्या लेकीला, जनीला, तिनं उगाचच जवळ घेतलं आणि बांधावरून हलली नाही.

ओळीच्या टोकाला तिची आई, पुतळीबाई, होती. तिचा ठेका एकदम चुकला. पोटुशी बाई, किंवा नुसती तशी आशा असलेली बाई, नव्या वाफ्यात पाय घालत नाही, ही इथली रीत. ती कोणी तोंडानं सांगत नाही. बांधावर बसून राहिलं की झालं.

"सीताबाय, पाय हालव तुजे," पुतळीबाई म्हणाली. "जीभ नको."

बाया पुन्हा हसल्या, पण आता हळू. आईनं फक्त एकदा वर पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतका आनंद होता की सगुणाला भीती वाटली.

कारण तिची स्वतःचीच खात्री नव्हती. माहेरी यायच्या आधी रोह्याला घरी चाचणी केली तेव्हा दुसरी रेघ उमटली होती, पण अशी फिकट, की तिचा नवरा जगन शिफ्टवरून आल्यावर खिडकीशी नेऊन म्हणाला, "हाय गो. हाय ना?" तिला वाटलं, आपण फार वेळ बघत राहिलो तर ती पुसून जाईल. गेल्या पावसाळ्यात एक असंच आलं होतं आणि कोणाला कळायच्या आत गेलं होतं. जनीच्या वेळी काहीच बघावं लागलं नव्हतं. आता मात्र ती स्वतःवर पहारा बसवल्यासारखी जगत होती. जिना उतरताना, खोकताना, जनीला उचलताना.

गेल्या पावसाळ्यातलं ते गेलं तेव्हा रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं. सगुणा पेणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली, म्हणून जरा जास्तच. "गर्भाशयाचं अस्तर कोणाच्या निरोपाची वाट बघत नाही. दर महिन्याला आपलं तयारीला लागतं. त्यातल्या पेशी एरवी सुतासारख्या बारीक. त्या फुगतात, गोल होतात, पोटात साखर साठवतात, एकमेकींना खेटून बसतात. येणाऱ्याला पहिल्या दिवसांत तेच अन्न, तीच कूस. आणि ते नुसतं अंथरूण नसतं बरं का, येणाऱ्याची पारखही करतं. गर्भ धड नसेल तर पुष्कळदा सोडून देतं."

"आणि माझंच अस्तर कच्चं असेल तर?"

बाईंनी चष्मा काढून पुसला होता. "ते आज मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या होत्या.

दुपारी जेवणं झाल्यावर सगुणा मिठागरावरच्या खोपीत आडवी झाली. झावळ्यांच्या फटींतून उन्हाचे ठिपके जनीच्या झोपलेल्या गालावर हलत होते. बाहेर पाय पडतच होते, धप्, धप्, आणि तो आवाज हळूहळू तिच्या आत शिरला. आत अंधार होता, ऊबदार, थोडा खारट. तिथंही बाया होत्या, बारीक, सुतासारख्या. चोपता चोपता त्या भरत चालल्या, गोल झाल्या. त्यांच्या ओट्या साखरेनं जड झाल्या. त्यांना नावं नव्हती. कोण येणार, कधी येणार, त्या विचारत नव्हत्या. एकमेकींना खेटून जागा करत होत्या फक्त. सगुणानं त्यांना हाक मारली, "नीट चोपा गो!" त्यातल्या एकीनं मान वर केली. तिचा चेहरा आईचा होता.

जाग आली ती कंबरेतल्या कळेनं. ती ओळखीची होती, गेल्या पावसाळ्यातली.

बाहेर येऊन ती बांधावरूनच म्हणाली, "आई, जगनचा फोन आला होता. जाऊन येते. जनीला ठेवशील चार दिवस?"

"जा की. सावकाश जा," आई वाफ्यातूनच म्हणाली. "एष्टीत मागं नको बसूस, गचके बसतात."

पेणहून रोह्यापर्यंत सगुणा पुढच्या बाकावर बसली. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा खिडकीत एक बाई काकड्या घेऊन आली. "घे ना ताई, कवळ्या हायत." तिनं घेतल्या, आणि त्या मांडीवर तशाच राहिल्या.

दवाखान्यात जगन तिच्या शेजारी बसून राहिला, कंपनीचा गणवेशही न बदलता. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या. निघताना सगुणा म्हणाली, "म्हणजे पुन्हा कच्चं राहिलं."

"नाही. तसं मी म्हटलेलं नाही, तूही म्हणू नकोस," बाई म्हणाल्या. "पुढच्या तपासण्या करूच. पण अस्तर पुन्हा तयारीला लागेल. त्याला कोणी सांगायला लागत नाही."

बरं वाटल्यावर ती जनीला न्यायला आली, तेव्हा त्याच वाफ्याचा शेवटचा हात चालला होता. बांधापलीकडे भरतीचं पाणी चढत होतं. जनी बांधावरून ओरडली, "आजी, आई आली!"

सगुणानं चपला काढून जनीच्या शेजारी ठेवल्या. साडी वर खोचली आणि वाफ्यात उतरली.

चिखल गार होता. ओळीतले पाय थांबले. आईनं तिच्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं. सीताबाईनं पदराचा खोचा उगाच नीट केला.

मग पुतळीबाई एक पाऊल बाजूला सरकली. सीताबाई सरकली. ओळीत एका बाईपुरती जागा झाली.

"ये," आई म्हणाली. "हितं मऊ रायलंय अजून. टाचेनं दाब."

सगुणा त्या जागेत उभी राहिली. दोन्हीकडून ऊबदार खांदे तिला टेकले. तिनं टाच दाबली, आणि ओळ पुन्हा चालू झाली.