एकोणीस मिनिटांचं गाणं

टेलरमास्तरांचं ड्रम वाजवणं त्यांच्या शिलाईसारखंच, एक टाका इकडचा तिकडे व्हायचा नाही. शाळेतल्या दोन दोस्तांबरोबरचा त्यांचा रॉक बँड म्हणजे दर रविवारी सकाळी दातांच्या दवाखान्यात, पेशंटच्या खुर्च्या भिंतीला सरकवून घातलेला धुमाकूळ. दवाखान्याचे डॉक्टर बेस वाजवत, गिटार दुसऱ्या दोस्ताकडे, बस ड्रायव्हरकडे. गाणी चार मिनिटांची. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा, खेळ खल्लास.

गेल्या वर्षी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. हात वाचले, उजवा पाय मात्र हट्टी झाला. सांगितलेलं ऐकायचा, पण आपल्या सवडीने. आणि मोठ्या ड्रमचं पेडल नेमकं त्याच पायाखाली.

चार महिन्यांनी मास्तर पुन्हा ड्रमवर बसले आणि तेव्हापासून गाण्यांचा नूरच पालटला. ड्रायव्हर एकदा सुटला की कुठे जाईल याचा नेम नाही. डॉक्टर एकाच सुरावर घुटमळत राहायचे. मास्तरांचा ठोका पडला की दोघं तिथून पुढे निघायचे. "अहो, या गाण्याला काही शेंडा-बुडखा?" बायकोने विचारलं. नव्हताच. पण पुढे काय येणार हे कुणालाच ठाऊक नसण्याची मास्तरांना अशी काही गोडी लागली, की सोमवारपासूनच ते रविवारची वाट बघू लागले.

एका शनिवारी दुकानात शर्टाची काजं करताना त्यांनी मागच्या रविवारचं रेकॉर्डिंग लावलं. एकोणीस मिनिटांचं गाणं. ऐकता ऐकता सुई थांबली. जिथे जिथे गाणं लांबलं होतं, तिथे तिथे त्यांचा पाय मागे पडला होता. दोघं त्यांच्यासाठी थांबत होते. आधी मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, मग रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्याच्या दारातूनच म्हणाले, "आज जुनं गाणं वाजवायचं. चार मिनिटांचं. मला नाही जमलं, तर बँड बंद. दया नको मला कुणाची."

पहिल्याच अंतऱ्यात पाय मागे राहिला. मास्तर दातओठ खाऊन रेटत राहिले. पण मुखड्यावर परतायच्या वेळी ड्रायव्हर भलतीकडेच निघून गेला होता आणि डॉक्टर दुसरा अंतरा साफ विसरले. गाण्याचा पार बोजवारा उडाला.

"मुद्दाम केलंत!" मास्तर कडाडले.

"आईशप्पथ नाही," ड्रायव्हर म्हणाला. "सुरुवात तुझ्यासाठी केली, खोटं कशाला बोलू? पण आठवडाभर मी ठरलेल्या थांब्यांवर बस थांबवतो रे. रविवारीसुद्धा तेच करू? आता नाही जमत मला."

"मलाही नाही," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "तुझा ठोका कधी पडेल ते कळत नाही ना, म्हणून सगळा जीव कानात गोळा होतो. पूर्वी मी वाजवता वाजवता उद्याच्या पेशंटचा विचार करायचो."

मास्तरांनी नाक पुसलं आणि काठ्या उचलल्या.

गिटार सुरू झाली, भटकून आली. डॉक्टर एका सुरावर येऊन थांबले. दोघंही वाट बघू लागले, मास्तरांकडे न बघता. या खेपेला पाय वेळेवर तयार होता. मास्तरांनी तो पेडलवर तसाच धरून ठेवला, आणखी थोडा वेळ. शेवटी ड्रायव्हरने न राहवून मान वर केली.

मास्तर गालात हसत होते. मग त्यांनी ठोका दिला.