कीबोर्डला हात न लावता

अर्धं आयुष्य वेबसाइटी बनवलेल्या माणसाला कुणी नवीन फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट उभी करायचा नवा तयार सांगाडा, शिक म्हटलं की आधी राग येतो. मला तर जरा लवकरच येतो. सोलापुरातल्या आमच्या कंपनीत मी सगळ्यात जुना. तरी साहेबांनी सरळ सांगितलं, "कुंडलिकराव, मासळी सोसायटीचं काम नव्या फ्रेमवर्कमध्ये शुक्रवारी दाखवा. नाही जमलं तर तुम्ही आपले जुने प्रोग्राम सांभाळा." जुने प्रोग्राम एकेक करून बंद होत होते आणि त्यांच्याबरोबर माझंही काम संपणार हे मला कळत होतं.

उजनीकाठच्या त्या सोसायटीत मासळीचे भाव सारखे बदलतात. स्क्रीनवर ते आपोआप बदलत राहायला हवेत, आणि त्याच वेळी कारकून सोनाबाईंना वजन टाइप करता यायला हवं. मला शिकवायला दिली रुपाली. कुंभारी गावची ही मुलगी माझ्याच हाताखाली तयार झालेली. पहिले काही दिवस मी तोंड फुगवूनच बसलो.

फ्रेमवर्कचं म्हणणं एवढंच, की माहिती बदलली की मला सांग, स्क्रीनवर कुठे काय बदलायचं ते मी बघतो. माझा विश्वास बसेना. आजवर स्क्रीनवरची प्रत्येक ओळ मी स्वतः मांडलेली. म्हणून खात्रीसाठी माझाही कोड घातला: भाव बदलला की पूर्ण तक्ता पुन्हा मांड. झालं असं, की वजन टाइप करताना मध्येच भाव बदलला तर टाइप केलेलं सगळं गायब. मी दुरुस्तीवर दुरुस्ती चढवत गेलो. गुरुवारी दुपारी शेंगाचटणीचा डबा तसाच राहिला. शेवटी मी कीबोर्ड रुपालीकडे ढकलला. "घे, तूच कर."

तिनं हात मांडीवर ठेवले. "न्हाय सर. तुमीच करा."

"अगं, उद्या दाखवायचंय."

"व्हय की. तक्ता मांडायचा तुमचा कोड पुसा. फ्रेमवर्कचं काम फ्रेमवर्कला करू द्या."

"मग तुला पगार कशाचा मिळतो?" मी फटकन बोललो.

ती हसली. "मी नवीन होते तवा तुमीबी माझ्या कीबोर्डला कदी हात लावला न्हाय. लई राग यायचा तुमचा. पण त्यामुळंच मला आलं."

मला हे आठवतही नव्हतं. मी पुसायला लागलो. इतक्या मेहनतीचा, नीटनेटका कोड. जीव तुटत होता. सगळा गेल्यावर वजन टाइप करून बघितलं. भाव बदलला आणि वजन होतं तिथेच राहिलं. मला भरून आलं, म्हणून चहाच्या निमित्तानं बाहेर गेलो.

शुक्रवारी सोनाबाई आल्या. मागे साहेब उभे. बाई वजन टाइप करत होत्या, मध्येच भाव बदलला, पण त्यांचा हात थांबला नाही. नोंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "झालं? मग ह्यात नवीन काय हाय?"

बाईंचं काम कुठेच अडलं नाही हे बघून साहेब खूश झाले. "कुंडलिकराव, पुढचं कामही तुम्हीच करा."

"साहेब, हे रुपालीमुळे झालं," मी म्हणालो. "तिचे फार उपकार आहेत माझ्यावर."

"असं? मग यातलं तिनं किती लिहिलं?"

"एक ओळही नाही," मी म्हणालो. "म्हणून तर."