आई कुणाकडे राहत होती

पेन्शन चाळीस लाख येनच्या आत आणि इतर कमाई दोन लाखांच्या आत असेल, तर आमच्याकडे जपानात म्हाताऱ्या माणसाला आयकराचं विवरण भरावं लागत नाही. माझं पेन्शन शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीचं, त्यावर कर कसला कापणार! तरी या फेब्रुवारीत मी बर्फ तुडवत गावच्या सभागृहात विवरण भरायला गेले. मला परतावा नको होता, सूड हवा होता.

माझा थोरला भाऊ कात्सुहिरो सरकारी कचेरीतून चांगल्या पेन्शनवर निवृत्त झाला. आईला अर्धांगवायू झाला त्या हिवाळ्यात वहिनीला वास सहन होईना, म्हणून त्याने आईला माझ्या दारात आणून सोडलं. तिची रहिवासी नोंद मात्र आपल्याच पत्त्यावर ठेवली आणि दर वर्षी पेन्शनच्या कागदावर लिहीत राहिला, वृद्ध आई, अवलंबून, एकत्र राहते. तेवढा कर वाचायचा. तेही मी गिळलं असतं. पण गेल्या शरदात आई गेली, आणि थोरला मुलगा म्हणून अंत्यविधीचं भाषण करताना हा गावासमोर म्हणाला, "शेवटपर्यंत आई माझ्या छपराखाली होती." लोक डोळे पुसत होते. मी मागे चहा ओतत होते.

माणूस गेलं तरी त्या वर्षापुरतं अवलंबून म्हणून त्याचं नाव लावता येतं. पण एका आईचं नाव दोन मुलांना लावता येत नाही. म्हणून मी माझ्या विवरणात आईचं नाव घातलं.

दादा दर वर्षी दवाखान्याच्या खर्चावर सूट मागायला पावत्या घेऊन पहिल्याच सकाळी येतो, हे मला ठाऊक होतं. तो आला तेव्हा मी टेबलापाशीच बसले होते. तपासणाऱ्या इगाराशीबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि आवाज खाली आणून विचारलं, "आजी नक्की कुणाकडे राहत होत्या?"

"नोंद माझ्या घरची आहे," दादा म्हणाला.

"नोंदीचं नाही विचारलं त्यांनी," मी म्हणाले. "मागे कुवाबारा बसलेत. आईला देखभाल केंद्रात न्यायला त्यांचीच गाडी यायची. कुणाच्या दारात यायची, विचारू का?"

स्टोव्हभोवती बसलेली मंडळी आमच्याकडे वळून पाहू लागली. कुवाबारांनी मान वर केली.

दादा माझ्याकडे झुकला. "तोकीको, घरचं घरात बोलू. तुला यातून मिळणार काय?"

"छदामही नाही."

"मग मागे घे ना बाई. मागच्या वर्षांचंही उकरतील. माझी अब्रू जाईल गं."

"भाषण करताना नाही आठवली अब्रू? त्यांना उत्तर दे."

त्याने पावत्यांची चळत सारखी केली. पुन्हा केली. मग टेबलाकडे बघत पुटपुटला, "माझ्याकडे नव्हती. हिच्याकडे होती."

इगाराशीबाईंनी पेन उचललं. त्यांना ऐकू गेलं होतं. मला तेवढं पुरेसं नव्हतं.

"मोठ्याने बोल, दादा."

"ऐकलं ना त्यांनी?"

"आईने नाही ऐकलं. शेवटी शेवटी तिला कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू यायचं नाही."

दादाने वर पाहिलं. "ऐकू येत नव्हतं तिला? कधीपासून?" त्याने विचारलं, आणि हे मात्र सगळ्या सभागृहाने ऐकलं.