सांधा धरेपर्यंत

पोराला बोलायला शिकवलं, चालायला शिकवलं, पण बूड टेकायला शिकवायचं राहून गेलं, असं सरकारला हल्ली रोज वाटायचं. सरकार म्हणजे सोफे-खुर्च्यांच्या दुकानाची म्हातारी मालकीण. तिचं खरं नाव विसरलं गेलं होतं, हुकूम तेवढे सगळ्यांच्या लक्षात होते.

कमरेचं ऑपरेशन होऊन घरी आल्यापासून हा बाबा एका जागी थांबेल तर शपथ. आत्ता खिडकीत, मग जिन्याच्या तोंडाशी, मग बायकोच्या मागे उभा. "खाली दुकानात रंधा ऐकलास? उलटा मारतोय तो कारागीर."

"जरा पडा की," सून म्हणायची.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"चालायला सांगितलंय, गस्त घालायला नाही," सरकार आतून ओरडायची.

ऑपरेशनआधी त्याला बसता येत नव्हतं. ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानेच जेवायचा. डाव्या पायातून अशी कळ जायची की हातातला हातोडा गळून पडायचा. गोळ्या झाल्या, शेक झाले, व्यायाम झाले. सुनेला ऑपरेशनची धास्ती होती. "करून टाका," असं सरकारच म्हणाली होती. त्यावर सून काही बोलली नव्हती आणि ते न बोलणं सरकारला अजून टोचत होतं. काही बिनसलं, तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे तिला कळत होतं.

डॉक्टरांनी पाठ मोठी न फाडता बारीक छेदांतून नळ्या घातल्या, दोन मणक्यांमधली झिजलेली गादी काढून तिथे हाड भरलं, आणि स्क्रू-सळ्यांनी मणके बांधून टाकले. घरी सोडताना त्यांनी बजावलं होतं, "स्क्रू नुसते धरून ठेवतात. हाड जुळून दोन मणके एक व्हायला महिने जातात. तोवर वाकायचं नाही, पिळायचं नाही, वजन उचलायचं नाही."

पण पोराने आरशात वळून पाठ बघितली. नखाएवढ्या खुणा. "एवढंच? उंदीर चावला असता तर याहून मोठं झालं असतं!" त्यात पायाची कळही गेलेली. म्हणजे काम फत्ते, असा त्याने हिशेब लावला.

त्या दुपारी सरकार औषधाच्या दुकानातून मागच्या दाराने परत आली, तर पलंग रिकामा आणि डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा खुंटीवर. सुनेने नुसतं जिन्याकडे बोट केलं. सरकारने तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं आणि ती कठडा धरून खाली उतरली.

दारात टेम्पो उभा होता. कारागीर गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलेला. तिघांच्या सोफ्याच्या एका टोकाला टेम्पोवाला, दुसऱ्या टोकाला पोरगा, अर्धा वाकलेला, बोटं सोफ्याखाली.

"सरकार, मी नको म्हणत होतो," टेम्पोवाल्याने आधीच हात वर केले.

"अगं आई, हलका आहे. नुसतं टोक उचलायचंय."

सरकार काही बोलली नाही. हे नवीनच होतं, त्यामुळे दोघंही जागच्या जागी थबकले. ती सरळ कोपऱ्यात गेली. तिथे सकाळीच सांध्यांना सरस लावलेली खुर्ची लोखंडी शिकंज्यात आवळून ठेवली होती. तिने शिकंज्याची मूठ धरली आणि उलटी फिरवायला सुरुवात केली.

"आई! काय करतेस? हात लावू नकोस!" पोरगा सोफा सोडून ताठ झाला. "सांधा धरला नाही अजून! उद्यापर्यंत हलवायची नाही ती."

"का? वरून तर छान दिसतेय."

"वरून दिसून काय होतंय? आत ओली आहे. आत्ता शिकंजा सैल केलास तर..."

आणि तो बोलता बोलता थांबला. त्याचा हात आपोआप कमरेमागे गेला. टेम्पोवाला टेम्पोचं चाक तपासायला निघून गेला. जिन्यात सून पट्टा घेऊन उभी होती.

सरकारने मूठ परत फिरवून शिकंजा होता तसा घट्ट आवळला. पदराला हात पुसले.

"खुर्चीची एवढी काळजी, आणि मी जन्माला घातलेल्याची नाही? ऐक. डॉक्टर सांगेपर्यंत या दुकानात तू गिऱ्हाईक. यायचं, बघायचं, नावं ठेवायची, आणि रिकाम्या हाताने घरी जायचं."