न मागवलेलं

"हॉटेलात जे मागवलं नाही त्याला हात लावायचा नाही," माझी नणंद वृंदाताई मला नेहमी बजावायची. मी हसून म्हणायचे, "ताई, पापडाला काय घाबरायचं?" त्या रविवारी दुपारी मी मसाला पापडाचा कोपरा मोडला आणि आमचं चार खुर्च्यांचं टेबल सहा खुर्च्यांएवढं लांब झालं.

आवाज वगैरे काही झाला नाही. समोर बसलेला माझा नवरा, मकरंद, खुर्चीसकट थोडा मागे गेला, इतकंच. आमची मुलगी शाल्मली माझ्या डाव्या बाजूला, लहान मुलांच्या उंच खुर्चीत होती. तिच्या जन्मानंतर आम्ही पहिल्यांदाच तिघं बाहेर जेवायला आलो होतो, तेही मकरंद नोकरीत कायम झाला म्हणून.

"पापड आपण सांगितला होता का रे?"

"देत असतील असाच," मकरंद म्हणाला. "तू पण ना!"

काळ्या कोटातला कॅप्टन आला. त्याने पाण्याची बाटली आमच्यासमोर धरली आणि आम्ही काही बोलायच्या आत कट्कन झाकण फिरवलं.

"साधं पाणी नाही का?" मी विचारलं.

"आहे ना मॅडम. येतंय."

तेवढ्यात शाल्मलीला ठसका लागला. मी बाटलीतलं पाणी तिला पाजलं. टेबल आणखी लांबलं. साधं पाणी अजून येतंय.

मग काजूची वाटी आली. शेफकडून खास, असं म्हणत झाकलेलं काहीतरी वाफाळतं आलं. मी हात लावला नाही. मकरंद मात्र चवीने खात होता आणि प्रत्येक घासाला माझ्यापासून लांब जात होता. मेनूकार्डावर 'आजचं स्पेशल'च्या पुढे आकडाच नव्हता. "केवढ्याला आहे ते विचार तरी," मी म्हणाले. मला आवाज चढवावा लागला.

"हळू बोल," तो तिकडून म्हणाला. "लोक बघतायत."

लोक खरंच बघत होते. त्यांचीही टेबलं लांबच लांब होती. प्रत्येक बाईने एक हात कशावर तरी ठेवलेला होता: पर्सवर, ताटावर, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या मनगटावर. मला वाटलं, इथली पद्धत असेल.

मी शाल्मलीचं तोंड पुसायला चमचा खाली ठेवला. कॅप्टनने माझं ताट उचललं.

"अहो, मी जेवतेय."

"तुमचा हात नव्हता मॅडम. हात नसेल ते आम्ही उचलतो."

तो इतक्या अदबीने बोलला की मीच त्याला सॉरी म्हणाले. नंतर माझी पर्स गेली, मग शाल्मलीची दुधाची बाटली. तेव्हा मी डावा हात शाल्मलीच्या मांडीवर ठेवला आणि तो तिथून हलवायचा नाही असं ठरवलं. ती भाताची शितं एकेक करून खात होती आणि प्रत्येक शितानंतर मला "संपलं" म्हणून सांगत होती.

"मकरंद, निघू या ना आपण!"

"अगं, गोड राहिलंय," त्याचा आवाज उशिरा पोचला.

कॅप्टनने आणखी एक उंच खुर्ची आणून माझ्या उजव्या बाजूला लावली. तिच्यात एक मुलगी होती. शाल्मलीएवढीच, हिरव्या फ्रॉकमधली, रडून डोळे सुजलेली.

"हे आम्ही सांगितलं नाही," मी म्हणाले.

"घ्या हो मॅडम. सगळेच घेतात."

"हिची आई कुठाय?"

"जेवतायत."

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. ती मात्र माझ्याकडेच बघत होती. मग ती खुर्चीत उभी राहिली. खुर्चीला पट्टा नव्हता. तिने एक पाय टेबलाच्या कडेवर ठेवला. कॅप्टन हात मागे बांधून उभा होता. त्याला काही घाई नव्हती. खुर्ची कलली. ज्यांनी मूल वाढवलंय त्यांना माहीत आहे, अशा वेळी हात आपल्याला विचारून जात नाहीत. माझे दोन्ही गेले.

मी तिला झेललं. डावीकडे वळले, तर तिथे उंच खुर्ची नव्हती. टेबल पुसलेलं होतं. ओल्या फडक्याची वळणं अजून वाळत होती.

"माझी मुलगी कुठाय?"

"हात नव्हता मॅडम."

मी ओरडले. मकरंदने टेबलाच्या पार टोकावरून मान वर केली. तिथून तो करंगळीएवढा दिसत होता. त्याच्यापुढे बिल आणि बडीशेप आली होती.

"मकरंद, शाल्मली नेली यांनी! ही आपली नाहीये!"

तो बिलावर बोट फिरवत होता. "दोन मोठी, एक लहान," त्याने वाचलं, मग टेबलाकडे बघून मोजलं. "बरोबर आहे की. सर्व्हिस चार्ज लावलाय तेवढा. जाऊ दे, कशाला वाद घालायचा?" त्याने बडीशेप तोंडात टाकली. "मी गाडी काढतो. तू तिला घेऊन ये."

बाहेरचं दार त्याच्या टोकाला आहे. आतलं, स्वयंपाकघराचं, माझ्या टोकाला. मी आतल्या बाजूला चालते आहे. एकेका टेबलाशी थांबून उंच खुर्च्या बघते. बायका मान वर करत नाहीत. हिरव्या फ्रॉकमधली माझ्या कडेवर आहे. तिला खाली ठेवता येत नाही. ठेवलं तर उचलतील.

"आई?" ती मधूनमधून विचारते.

"जेवतेय," मी सांगते.

तुम्ही कुठे जेवायला बसला असाल आणि तुमच्या शेजारी न सांगता उंच खुर्ची लावली असेल, तर एवढं करा. फ्रॉक बघू नका, कपडे बदलत असतील. नाव विचारू नका, शाल्मली अनोळखी माणसांशी बोलत नाही, मीच तसं शिकवलंय. तिच्या डाव्या कानामागे तीळ आहे. तेवढा आहे का बघा. तिचे केस लांब आहेत. बघायचं तर ते हाताने बाजूला करावे लागतील.