कानामागचे केस

खिडकीपाशी स्टुलावर बसलेल्या वहिनींच्या केसांची एक बाजू कापून झाली होती. न्हावी दुसऱ्या बाजूला वळला तशा त्या म्हणाल्या, "भावोजी, इथे कानामागे काहीतरी उगवलंय. तेवढे केस लांब ठेवा. चारचौघांत बरं दिसत नाही."

त्याने केस वर केले. बोटाच्या पेराएवढं, काळपट, खरखरीत. त्याने कात्री खाली ठेवली. दादाचा डागही इथेच होता.

आठ वर्षं दर महिन्याला त्याने थोरल्या भावाचे केस कापले, आणि दर वेळी कानामागची एक बट राखली, डाग झाकला जावा म्हणून. डाग पसरला तशी बट रुंद झाली. किती बेमालूम झाकतो, म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचा. इस्पितळात ती बट भादरली तेव्हा हातातून सगळं निसटलं होतं. दादाला जाऊन वर्ष झालं, पण 'मला दिसत होतं' हे तो कुणापाशी बोलला नव्हता.

"चपला घाला. डॉक्टरकडे जायचंय."

"अहो, अर्धं डोकं झालंय माझं."

"तशाच चला."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग टेकवलं. न्हावी भिंतीशी देवाचं नाव घेत उभा.

"कॅन्सर नाही. वयाचा मस आहे," त्या म्हणाल्या. "मेणाचा थेंब वरून चिकटवल्यासारखा दिसतो बघा. भिंगातूनही खूण पटते. नाही काढला तरी चालेल."

"चष्म्याची काडी घासते हो त्याला."

"मग गोठवते."

गार फवारा सुसकारला, डाग पांढराफटक पडला. "फोड येईल, खपली धरेल, दोन-तीन आठवड्यांत गळेल. खरवडायचं नाही."

"वयाचा म्हणे," वहिनी हसल्या. "म्हातारपणाने दारावर पाटीच लावली की."

न्हावी हसला नाही.

जिन्यात वहिनी थबकल्या. "एवढ्याशा डागाला तुमचा चेहरा उतरला, भावोजी. ह्यांचा कधी दिसला नव्हता का तुम्हाला?"

नाही म्हणता आलं असतं. पण वर्षभर देवापुढे हात जोडले की जे तोंडाशी यायचं आणि गिळलं जायचं, ते आज गिळवेना.

"दिसत होता. मीच केस राखून झाकायचो. वाटलं, बरं दिसेल."

वहिनींनी कठडा घट्ट धरला. मग हळूच म्हणाल्या, "उरलेले केस मी दुसरीकडे कापून घेईन."

आणि एका बाजूला आखूड, एका बाजूला लांब अशा केसांनी त्या एकट्याच पायऱ्या उतरून गेल्या.