चंद्रावतीचा थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. करंजाड्यात परेश नावाच्या माणसाच्या घरी, ओट्याच्या कोपऱ्यात मी उभा असतो. माझा निळा रंग जागोजागी उडाला आहे आणि कमरेजवळ एक पोचा आहे. मी चार देशांच्या प्रवासाला निघालो होतो, पण दोनच देश पाहून परत आलो. माझ्याबरोबर दोघीजणी होत्या. त्यांतली एकच आपल्या पायांनी परत आली. ती हकिगत आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. स्टीलची दोन नळकांडी एकात एक बसवायची आणि मधली हवा काढून घ्यायची, एवढीच माझी घडण. पनवेलच्या बाजारातून मला आनंदा नावाच्या माणसाने घरी नेलं. आनंदा मिठागरावर राबणारा, उलव्याच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावचा. त्याची बायको चंद्रावती रोज सकाळी माझ्यात गुळाचा चहा भरायची आणि आनंदा मला बांधावर सावलीत ठेवायचा. दुपारी झाकण उघडलं की वाफ यायची. मग तो शेजारच्या आगरातल्या माणसांना हाका मारून माझं कौतुक सांगायचा. बांधावरून घसरून मला पोचा पडला, तेव्हा चंद्रावती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती.

पुढे खाडीत भराव पडला. गाव विमानतळाच्या जागेत गेलं आणि घरं उठून करंजाड्याला आली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आनंदाचं मन रमलं नाही. दोन वर्षांत तो गेला आणि मी माळ्यावर गेलो. पितळेच्या दोन घागरी आणि एक फुटकी बादली, यांच्या संगतीत मी सात वर्षं काढली.

मला खाली काढलं ते सुमतीबाईंमुळे. सुमतीबाई पनवेलच्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. आनंदाचा मुलगा परेश त्यांचाच विद्यार्थी. तो पाचवीत असताना वारंवार गैरहजर राहायला लागला, म्हणून बाई चौकशीला घरी आल्या आणि तिथेच चंद्रावतीची आणि त्यांची मैत्री जमली. बाईंनी तिला लिहायला-वाचायला शिकवलं. ती त्यांच्यासाठी जाडं मीठ आणि वालाच्या शेंगा घेऊन जायची. पुढे निवृत्त झाल्यावर बाईंनी करंजाड्यातच, दोन इमारती सोडून घर घेतलं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. तीस वर्षांची मैत्री होती, तरी चंद्रावती त्यांना ‘बाई’ आणि ‘तुमी’ म्हणायची. बाई मात्र तिला ‘तू’ म्हणायच्या.

बाईंनी जन्मभर फळ्यावर खडूने गवताळ प्रदेश काढला होता, पण डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. तो रेल्वेने पाहायचा, हा त्यांचा ध्यास होता. ताश्कंदला उतरायचं, तिथून गाडीने कझाकस्तान ओलांडून रशियात शिरायचं आणि बेलारूसपर्यंत जायचं, असा बेत त्यांनी वर्षभर खपून केला. एकटीने जायची हिंमत मात्र होईना. त्यांनी चंद्रावतीला विचारलं आणि ती लगेच हो म्हणाली.

परेशला ते पसंत नव्हतं. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. बाई त्याला समजवायला घरी आल्या, तेव्हा चंद्रावती खाण्याचा सोडा घालून मला घासत होती.

“परेश, मी आहे ना बरोबर,” बाई म्हणाल्या.

शाळेतल्या बाईंचा शब्द परेशने कधी मोडला नव्हता.

मित्रांनो, त्या गाडीत मला पुन्हा जन्मल्यासारखं वाटलं. तिथे प्रत्येक डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा मोठा बंब असतो. चंद्रावती दर दोन तासांनी मला घेऊन तिकडे जायची. डब्यावर देखरेख करणारी एक कझाक बाई होती, गणवेशातली, रुंद चेहऱ्याची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रावतीने तिला चहा पाजला आणि तिने चंद्रावतीला मूठभर मनुका दिल्या. सुमतीबाई खिडकीपासून हलत नव्हत्या. बाहेर पिवळं गवत, मधूनच घोड्यांचा कळप, आणि पुन्हा गवत. बाईंचे डोळे भरून येत होते.

दुपारी गाडी अरल नावाच्या स्टेशनावर थांबली. फलाटावर बायका सुकी मासळी विकत होत्या. स्टेशन मागे पडल्यावर गवत संपलं आणि जमीन पांढरी दिसायला लागली. चंद्रावती खिडकीशी आली. हे मीठ आहे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बाईंनी सांगितलं की पूर्वी समुद्र इथवर होता. त्याला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी शेतीकडे वळवलं आणि समुद्र आटत आटत दूर गेला.

“म्हंजे गेला नाय, नेला,” चंद्रावती म्हणाली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली.

संध्याकाळी तिने मला उचललं, तेव्हा तिच्या तळव्याला घाम होता. बाहेर ऑक्टोबरची थंडी होती, डबा बेताचाच उबदार होता, आणि माझं अंग तिच्या हातातून निसटत होतं. बंबापर्यंत जाताना ती दोनदा भिंतीला टेकली. परत येऊन बसली ती डावा खांदा दाबत. बाईंनी काय होतंय म्हणून विचारलं.

“काय नाय. पित्त हाय.”

गणवेशातली बाई मागून आली होती. तिने चंद्रावतीचं मनगट हातात घेतलं, कपाळाला हात लावला आणि सुमतीबाईंकडे वळून काहीतरी बोलली. बाईंनी फोन पुढे केला. फोनने मराठीत लिहून दाखवलं: पुढे मोठं स्टेशन आहे, गाडी वीस मिनिटं थांबते, डॉक्टरला बोलावते, कदाचित उतरावं लागेल.

मी दोघींच्या मधल्या टेबलावर होतो. बाईंचा चेहरा मला समोर दिसत होता. उतरायचं म्हणजे ही गाडी गेली. रशियाच्या व्हिसाचे मोजके दिवस होते, पुढची सगळी तिकिटं तारखांना बांधलेली होती. बाईंनी चंद्रावतीकडे पाहिलं. तिच्या ओठांवरचा घाम त्यांना दिसला. दिसला, हे मी खात्रीने सांगतो, कारण त्यांनी आपल्या रुमालाने तो टिपला.

“डॉक्टर हवाय का तुला?” त्यांनी विचारलं.

“नको बाई. तुमचा परवास मोडंल.”

बाईंनी फोनवर लिहिलं: पित्ताचा त्रास आहे, डॉक्टर नको. ते वाचून ती कझाक बाई क्षणभर उभी राहिली. मग एक जास्तीचं लोकरी पांघरूण आणून तिने चंद्रावतीच्या पायांवर घातलं आणि गेली. स्टेशन आलं. वीस मिनिटं गाडी थांबली. खिडकीबाहेर दवाखान्याची लाल खूण असलेली एक पांढरी खोली दिसत होती. मग गाडी सुटली.

सकाळी उजाडल्यावर सुमतीबाईंनी माझ्या झाकणात चहा ओतला आणि चंद्रावतीच्या हाताशी नेला. रात्री भरलेला तो चहा अजून चांगला गरम होता. माझं काम मी चोख केलं होतं. चंद्रावतीचा हात मात्र थंड होता.

पुढच्या स्टेशनावर सगळ्यांनी मिळून तिला खाली उतरवलं. त्या गावात बाईंनी सहा दिवस काढले. कागद, शिक्के, पुन्हा कागद. तिथे डॉक्टरकी शिकणारी रंजिता नावाची सांगलीची मुलगी मदतीला आली. तिने विचारलं की त्रास कधी सुरू झाला.

“अचानकच झालं. झोपेत,” बाई म्हणाल्या.

परेशलाही फोनवर त्यांनी हेच सांगितलं.

चंद्रावती पेटीतून घरी आली. करंजाड्यात सगळं उठून आलेलं गाव गोळा झालं होतं. परेश सुमतीबाईंच्या पाया पडला आणि म्हणाला की तुमी होतात म्हणून माझी आई परक्या मुलखात एकटी नव्हती. बाईंनी पाय मागे घेतले. तेराव्यानंतर परेशने आईची आठवण म्हणून मला, प्रवासाच्या पिशवीत होतो तसंच, त्यांच्या हवाली केलं.

बाईंनी मला पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाही. तसंच कपाटाच्या खालच्या कप्प्यात ढकललं. माझ्यात तो उरलेला चहा तसाच होता. तो आंबला, त्याला बुरशी आली आणि माझं बूच त्या घाणीने चिकटून बसलं. माळ्यावर निदान मी रिकामा होतो. इथे मी वर्षभर सडलेला चहा पोटात घेऊन अंधारात राहिलो. बाहेर बाईंच्या फेऱ्या ऐकू यायच्या. कुणी प्रवासाबद्दल विचारायला आलं की त्या बरं नाही म्हणून दारातूनच परत पाठवायच्या.

वर्षश्राद्धाच्या आधी परेश निरोप घेऊन आला. आईबद्दल चार शब्द बाईंनीच बोलावेत, अशी घरच्यांची इच्छा होती. तो गेल्यावर बाईंनी कपाट उघडलं. त्यांनी माझं बूच काढलं आणि त्या वासाने मागे सरल्या. मग संध्याकाळपर्यंत मोरीत बसून मला धूत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या परेशच्या घरी गेल्या आणि त्याच्या बायकोसमोर, अंकितासमोर, सगळं सांगितलं. फोनवर काय लिहिलं, तेही. त्यांनी कुठलीही सबब सांगितली नाही.

परेशने मला उचलून ओट्यावर ठेवलं.

“तिला येवढा घाम आलेला तुमी बघितला?” त्याने विचारलं.

“बघितला.”

“तुमी आता घरी जा, बाई.”

बाई गेल्या. मी त्या घरात राहिलो. श्राद्धाला ते चार शब्द कुणीच बोललं नाही. पुढे तीन महिने परेश त्यांच्या इमारतीवरून जाताना मान वळवायचा. अंकिता मात्र सकाळी मला भरून परेशबरोबर द्यायची. विमानतळाच्या कामावर त्याचा टेम्पो होता. मी पुन्हा कामाला लागलो, पण आता माझं कौतुक कुणी करत नव्हतं.

जानेवारीत एकदा अंकिता म्हणाली की बाईंची खिडकी दोन दिवस उघडलेली नाही. परेशने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जेवण झालं, हात धुतले. मग त्याने तिला पेज करायला सांगितलं, ती माझ्यात भरली आणि मला घेऊन तो निघाला.

त्याने बाईंचं दार वाजवलं. खूप वेळाने आतून क्षीण आवाज आला.

“कोण? मी बरी आहे. जरा सर्दी झालीय. काही नको.”

परेश तिथेच उभा राहिला. त्याची बोटं माझ्या गळ्याभोवती घट्ट आवळली होती.

“मी तुमाला माफ केलंय, असं नाय,” तो दाराशी तोंड नेऊन म्हणाला. “पन मी बरी हाय, हे मी तुमचं ऐकनार नाय. दार उघडा.”

आत पावलं ओढल्याचा आवाज झाला. कडी निघाली. बाईंचं अंग तापाने फणफणत होतं आणि श्वास लागला होता. परेशने त्यांना आधार देऊन जिना उतरवला, टेम्पोत पुढे बसवलं आणि दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया निघाला. बाई नऊ दिवस तिथे होत्या. परेश रोज माझ्यातून पेज नेऊन द्यायचा, पण खाटेपाशी बसायचा नाही. अजूनही तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू धुऊन-पुसून ठेवा, एवढंच मागणं बहुतेक थर्मास करतील. मी म्हणेन, मला विसरलात तरी चालेल. पण तुमच्या जवळचं माणूस ‘काय नाय’ म्हणालं आणि ते ऐकून तुम्हाला मनातून सुटल्यासारखं वाटलं, तर तिथेच थांबा. त्याचा हात हातात घ्या. गाडी जात असली तर जाऊ द्या.